बेवारस धूर

गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीला जाणारी लाँच बंदराच्या मध्यावर आली म्हणजे दोन्ही अंगांना नांगरून पडलेली मालवाहू जहाजे दिसू लागतात, आणि लेणी पाहण्याच्या ओढीने निघालेले उतारू क्षणभर का होईना, त्या तांबड्या-काळ्या लोखंडी भिंतींकडे माना वर करून पाहतात. गेल्या हिवाळ्यात मीही असाच पाहत होतो. साखळी ताठ होती, डेकवर एक खलाशी दोरीवर कपडे वाळत घालीत होता, आणि जहाज मुळीच हलत नसतानाही त्याच्या धुराड्यातून एक विरळ, करडी रेघ सारखी वर चढत होती. कारण जहाज उभे राहिले तरी त्याचे दिवे, पंप आणि भटारखाना चालविणारी जनित्रे उभी राहत नाहीत. लाँच वळसा घालून पिछाडीकडे गेली तेव्हा पांढऱ्या अक्षरांत रंगविलेले त्याच्या गावाचे नाव दिसले: मोनरोव्हिया. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशाची ही राजधानी. परंतु त्या जहाजाने किंवा त्याच्या मालकाने तिचे तोंड कधी पाहिले असेल, अशी पैज मी तरी मारणार नाही.

बंदरात माल उतरला आणि तो सोडवून न्यायला कोणी आले नाही, तर पुढे काय करावयाचे हे सरकारने ठरवून ठेवले आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणे तीस दिवस वाट पाहावयाची, मालवाल्यास नोटीस द्यावयाची, आणि मग लिलाव पुकारावयाचा. धुराला असे कलम नाही. जगातील जहाजे मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच्या जातीचे उष्णता कोंडणारे वायू, हवेत सोडतात. मनुष्यजातीच्या एकूण उत्सर्जनात हा वाटा तीन टक्क्यांच्या घरात जातो. आणि एवढा मोठा ऐवज आजवर कोणाच्याही खातेवहीत नीट चढलेला नाही.

तो का चढला नाही, याची हकीकत मोठी मौजेची आहे. १९९७ साली क्योटो येथे करारनामा झाला, तेव्हा ज्या देशाच्या भूमीवर धूर निघाला तो त्या देशाच्या खाती मांडावा, अशी सरळ रीत ठरली. परंतु शांघायला भरलेला माल घेऊन, ग्रीक मालकाचे, लायबेरियात नोंदलेले, जर्मन पेढीकडे गहाण पडलेले, आणि भारतीय व फिलिपिनी खलाशांच्या हाती असलेले जहाज रॉटरडॅमकडे निघाले असता भर हिंदी महासागरात त्याने सोडलेला धूर कोणाच्या नावे लिहावा, हा पेच काही केल्या सुटेना; तेव्हा तो सोडविण्याचे काम लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवून मुत्सद्दी मोकळे झाले. पुढे २०१५ साली पॅरिसचा करार झाला. त्यात तर जहाजांचा नामनिर्देशही नाही.

या धुराचे मूळ जे जळण, ते मी प्रथम पाहिले ते आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्य अभियंत्यांच्या घरी. आपल्याकडच्या खलाशांत मुख्य अभियंत्याला ‘बडासाब’ म्हणण्याची वहिवाट आहे, आणि निवृत्तीला दहा वर्षे उलटली तरी आम्हीही त्यांना त्याच नावाने हाक मारतो. त्यांच्या कपाटात पुस्तकांच्या मागे एक लहानशी काचेची बाटली आहे. एका थंडीच्या सकाळी ती माझ्या हाती देऊन ते म्हणाले, “उलटी धरा.” मी धरली. आतला काळा गोळा जागचा हलेना. चहा संपत आला तेव्हा कोठे त्याची एक जाड जीभ झाकणाकडे सरकू लागली.

“हेच आमचे अन्न,” बडासाब म्हणाले.

खनिज तेल शुद्धीकरण कारखान्यात तापविले म्हणजे त्यातून स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे एकेक पदार्थ वेगळे होत जातात, आणि शेवटी तळाशी जो साका उरतो त्याचे एक तर डांबर व्हावयाचे किंवा जहाजाचे जळण. ही वस्तू पंपाने ओढता यावी म्हणून टाकीतच ती कोमट ठेवावी लागते. मग वेगाने फिरणाऱ्या शुद्धियंत्रात पाणी आणि गाळ काढून टाकावा लागतो. आणि एंजिनाच्या नळीतून तिचा फवारा उडावा म्हणून शेवटी ती सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापवावी लागते. इतकी उस्तवार ज्याची करावी लागते ते जळण कोणी का घ्यावे, तर ते सर्वांत स्वस्त म्हणून. शुद्धीकरण कारखान्याला नकोशी झालेली वस्तू जहाजवाल्याने पदरात घेतली, आणि जगाचा व्यापार त्या साक्यावर उभा राहिला.

येथे जहाजांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हल्ली धूर म्हटला की वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येत नाही. २००६ साली पाण्यात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनरवाहू जहाजाचे एंजिन चौदा सिलिंडरांचे, सुमारे २३०० टन वजनाचे आणि चार मजली इमारतीएवढे उंच होते. त्याच्या एकेका सिलिंडरात माणूस उभा राहू शकेल. असले यंत्र जळणातील जवळजवळ निम्मी उष्णता कामी लावते, जी गोष्ट आपल्या मोटारीच्या एंजिनाला स्वप्नातही साधत नाही. एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी मोठ्या जहाजातून निघणारा कर्बवायू थोड्या ग्रॅमांत मोजता येतो. मालमोटारीचा त्याच्या कित्येक पट असतो, आणि विमानाचे तर नावच नको. जगाच्या व्यापारातील माल वजनाने पाहिला तर पाच हिश्शांपैकी चार हिस्से समुद्रावरून जातो, आणि तो समुद्रावरून न जाता अन्य मार्गाने गेला असता तर धूर वाढलाच असता. दोष आहे तो व्यापाराच्या अवाढव्यपणात आणि त्या बाटलीतल्या काळ्या गोळ्यात. एक टन असे तेल जाळले की तीन टनांहून थोडा अधिक कर्बवायू निर्माण होतो, आणि पाच हजार टनांवरील जहाजे वर्षाकाठी सुमारे २१ कोटी टन जळण खर्ची टाकतात.

मग जळण बदलावे! बोलण्यास हे सोपे आहे, आणि पूर्वी एकदा तसे घडलेही आहे. आगबोटींच्या अमदानीत रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे बटलर ज्या बोटींवर चाकरीला जात, त्यांच्या पोटात आगवाले घामाने निथळत फावड्याने कोळसा लोटीत असत. १९१२ साली कोपनहेगनच्या गोदीतून ‘सेलांडिया’ हे डिझेल एंजिनाचे महासागरगामी जहाज बाहेर पडले, आणि पुढील चार-पाच दशकांत कोळसा समुद्रावरून हद्दपार झाला. परंतु तो हद्दपार झाला याचे कारण कोणी पर्यावरणाचा पुळका घेतला हे नव्हते. तेल नळीने भरता येई, कोठारे लहान लागत, आणि आगवाल्यांची सबंध पलटण घरी बसविता येई; मालकाचा नफा आणि नवे जळण हे दोघे एकाच दिशेने चालले होते. आजचा पेच याच्या नेमका उलट आहे. साक्याऐवजी जी जी जळणे पुढे केली जातात, ती बहुतेक सर्व महाग आहेत, जागा अधिक अडविणारी आहेत, आणि त्यांतली काही जिवावर उठणारीही आहेत.

नैसर्गिक वायू घ्या. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात वाहता येतो आणि त्याचा धूर कमी असतो. परंतु न जळता निसटलेला मिथेन वायू पहिल्या वीस वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या ऐंशीपट उष्णता कोंडतो, तेव्हा थोडीशी गळती झाली तरी सगळी कमाई पाण्यात जाते. मिथेनॉल हे मद्यार्काच्या कुळातले द्रव्य साध्या टाकीत राहते आणि हाताळण्यास सोपे. २०२३ साली ‘लॉरा मर्स्क’ हे लहान कंटेनर जहाज मिथेनॉल भरून कोरियातील उल्सानहून कोपनहेगनपर्यंत गेले, तेव्हा युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा ऊर्सुला फॉन डेर लायन यांच्या हस्ते त्याचे बारसे झाले. पण तेलाएवढे काम मिथेनॉलकडून घ्यावयाचे तर सव्वादोन-अडीचपट मोठी टाकी लागते, आणि जेवढी टाकी वाढली तेवढे भाड्याचे कंटेनर कमी झाले. शिवाय ते जैविक कचऱ्यापासून किंवा सूर्याच्या वा वाऱ्याच्या विजेपासून बनविलेले हवे; कोळशापासून बनविलेले मिथेनॉल जाळणे म्हणजे धूर जहाजातून काढून कारखान्याच्या चिमणीत घालणे होय.

राहिला अमोनिया. यात कर्ब मुळीच नाही, म्हणून पुष्कळ पंडितांचा त्यावर डोळा आहे. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात तो रोज बनतो आणि त्या परिसरातील माणसांना त्याचा उग्र दर्प कसा असतो हे सांगावयास नको. नाकात गेला तर घुसमटविणारा आणि कोंदट जागेत प्राण घेणारा हा वायू, जेथून पळून जाण्यास जागा नाही अशा एंजिनघरात, वीस-बावीस माणसांच्या सोबतीला महिनोन्महिने ठेवावयाचा आहे. बडासाबांना मी याविषयी विचारले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तेल गळले तर पुसता येते.”

तोही धोका पत्करला असे समजू आणि फक्त त्रैराशिक मांडू. वजनास वजन घेतले तर अमोनियात तेलाच्या निम्म्याहून कमी उष्णता आहे. म्हणजे २१ कोटी टन तेलाच्या ठिकाणी सुमारे ४५ कोटी टन अमोनिया लागेल. आज साऱ्या जगात खतांसकट सर्व कामांसाठी जो अमोनिया बनतो तो १८ कोटी टनांच्या आसपास आहे, आणि तो बहुतेक सगळा नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनतो. पाण्यातून विजेने हायड्रोजन वेगळा काढून स्वच्छ रीतीने एक टन अमोनिया बनवावयाचा तर सुमारे दहा हजार युनिटे वीज खर्चावी लागते. ४५ कोटी टनांचा गुणाकार वाचकांनी करून पाहावा. भारतात वर्षभरात निर्माण होणाऱ्या सगळ्या विजेच्या दुपटीहून मोठा आकडा येतो. ही वीज प्रथम निर्माण व्हावयाची, आणि तीही गावांच्या आणि कारखान्यांच्या वाट्याची न हिसकता.

विजेच्या बॅटऱ्या किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या लहान जहाजांस पुरतात. नॉर्वेत १२० कंटेनरांचे असे एक जहाज २०२२ पासून फिरत आहे. अणुशक्तीचे ‘सव्हाना’ अमेरिकेने १९५९ सालीच पाण्यात सोडले होते, पण ते खर्चाला जड झाले आणि पुरती दहा-बारा वर्षेही चालले नाही.

अशा वेळी वाऱ्याची आठवण झाली यात नवल नाही, कारण आपल्या मचव्यांनी आणि गलबतांनी शतकानुशतके त्याच्याच जोरावर व्यापार केला. २०२३ साली ‘पिक्सिस ओशन’ नावाच्या मालवाहू जहाजावर साडेसदतीस मीटर उंचीची दोन ताठ पाती उभारण्यात आली. कापडाची शिडे नव्हेत, विमानाच्या पंखासारखी पोलादी आणि काचतंतूंची पाती, जी वारा पाहून यंत्राने वळतात. त्याने जळण वाचते ही गोष्ट सिद्ध झाली आहे. मग ही पाती सर्व जहाजांवर का नाहीत?

याचे उत्तर यंत्रशास्त्रात मिळत नाही. ते मुंबईच्या पागडीच्या चाळीत मिळते. छप्पर गळते आहे, भिजतो भाडेकरू, आणि दुरुस्तीचा खर्च करावयाचा घरमालकाने, ज्याला त्यातून दमडीचा लाभ नाही. तेव्हा छप्पर वर्षानुवर्षे गळतच राहते. जहाजांचे नेमके तसेच आहे. जहाज एकाचे असते, आणि ते वर्ष-सहा महिन्यांच्या भाडेपट्ट्याने दुसराच चालवितो. जळणाचे पैसे हा भाडेकरू भरतो. पाती बसविण्यासाठी कर्ज काढावयाचे मालकाने, आणि वाचलेले तेल जमा होणार भाडेकरूच्या खाती! पुढच्या वर्षी भाडेकरू बदलला तर नव्याला त्या पात्यांची किंमत वाटेलच असेही नाही.

याहून विचित्र प्रकार वेगाचा आहे. पाणी कापण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जहाजाचा वेग एक दशांशाने उतरविला तर शक्ती एक चतुर्थांशाहून अधिक कमी लागते, आणि प्रवासाला दिवस जास्त लागले तरी त्याच अंतराला जळण जवळजवळ एक पंचमांश वाचते. कोणतेही नवे यंत्र नको, नवे जळण नको, फक्त सबुरी हवी. २००८ च्या मंदीत भाडी कोसळली तेव्हा हीच सबुरी जहाजवाल्यांनी पैसे वाचविण्यासाठी शिकून घेतली, आणि धूर आपोआप उतरला. मात्र सुट्या मालाच्या भाडेकरारांत, म्हणजे ज्यांना चार्टर पार्टी म्हणतात त्या कागदांत, जहाजाने यथाशक्य त्वरेने मुक्कामी पोहोचावे असे कलम जुन्या काळापासून चालत आलेले आहे. बंदरात धक्का रिकामा आहे की नाही याच्याशी कप्तानाला कर्तव्य नाही. त्याने लवकर पोहोचून ‘जहाज हजर आहे’ अशी लेखी सूचना द्यावयाची, म्हणजे तेथून मुदत मोजली जाऊ लागते आणि मुदत उलटली की डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई, चढू लागते. पुष्कळ बंदरांत जो आधी येईल त्याचा नंबर आधी, हाही नियम असतो. परिणामी सगळे महासागरभर धावत सुटतात आणि बंदराच्या तोंडाशी रांग लावून बसतात. बडासाब आपल्या एका सफरीविषयी सांगतात: “पंधरा दिवस पूर्ण वेगाने पळालो, आणि पुढे अकरा दिवस नांगरावर मासे पकडीत बसलो.” बंदराने आधीच तारीख कळवावी, जहाजाने तीच साधून सावकाश यावे, आणि मालकाचा हक्क बुडू नये, एवढे कलम कागदात घालण्यास शाई सोडून काही खर्च नाही, पण कागदावर सह्या करणारे पाच, त्यांचे वकील दहा, आणि प्रत्येकास वाटते की नुकसान झाले तर ते आपलेच होणार.

आता त्या मोनरोव्हियाकडे वळू. लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीन देशांच्या निशाणाखाली जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक जहाजी टनभार नोंदलेला आहे, कारण तेथे नोंदणी स्वस्त, कर नाममात्र आणि तपासनीस सौम्य. लायबेरियाचे आणि मार्शल बेटांचे नोंदणीचे दफ्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून चालते. आणि ज्या मंगोलियाला समुद्राचा एक वीतभर किनारा नाही, त्याचेही जहाजनोंदणीचे खाते आहे. परंतु या गोष्टीला एक करुण बाजू आहे. मार्शल बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर उंच आहेत आणि वाढत्या पाण्यात बुडणाऱ्यांत ती पहिली असतील. म्हणून २०१५ साली त्यांचे मंत्री टोनी डी ब्रम यांनी लंडनला जाऊन जहाजांच्या धुराला मर्यादा घाला असे आर्जव केले, आणि २०२१ साली सॉलोमन बेटांसह त्या देशाने कर्बवायूच्या दर टनावर शंभर डॉलर पट्टी बसविण्याची सूचना मांडली. ज्यांचे निशाण जहाजांवर फडकते तेच म्हणत होते की आमच्या निशाणाखालच्या धुराला दाम लावा.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली या सूचनेत आहे. साक्याला जोवर स्वस्ताई आहे तोवर अमोनिया असो की पाती असो, कोणीही ती आपखुशीने घेणार नाही. आणि धुराचा दाम कोणा एका देशाने लावला तर जहाज दुसऱ्याच बंदरात जळण भरील. तो जगभर सारखाच लागला पाहिजे. २०२४ पासून युरोपने आपल्यापुरता तो लावला आहे: युरोपच्या बंदरात येणाऱ्या किंवा तेथून निघणाऱ्या परदेशी सफरीचा निम्मा धूर त्यांच्या हिशेबात धरला जातो. न्हावाशेव्याहून थंड कंटेनरांत भरून रॉटरडॅमला जाणारी नाशिकची द्राक्षे घ्या. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यामुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, वाट हजारो सागरी मैलांनी लांबली, तेल अधिक जळले. आणि त्या वाढलेल्या धुराच्या निम्म्याचा दाम भाड्यात मिसळून अखेर जातो तो युरोपच्या खजिन्यात. पट्टी द्यावयाचीच असेल तर ती साऱ्या जगाच्या सामाईक फंडात जावी, ज्यातून गरीब देशांच्या बंदरांना आणि खलाशांच्या शिक्षणाला काही परत मिळण्याची आशा तरी असते, हे द्राक्षबागाईतदारालाही पटण्यासारखे आहे.

लंडनची ती संघटना, जिच्या महासचिवपदी १९७४ पासून १९८९ पर्यंत आपले चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव होते, या बाबतीत मुंगीच्या पावलांनी चालली, पण चालली. २०१८ साली तिने २०५० पर्यंत धूर निम्मा करण्याचे ठरविले; २०२३ साली तो २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर आणण्याचे ठरविले; आणि एप्रिल २०२५ मध्ये, ठरलेल्या मर्यादेहून अधिक धूर सोडणाऱ्या मोठ्या जहाजांकडून दर टनामागे १०० ते ३८० डॉलर वसूल करण्याचा आराखडा ६३ विरुद्ध १६ मतांनी संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. ऑक्टोबरमध्ये त्यावर अखेरचे शिक्कामोर्तब व्हावयाचे होते. परंतु अमेरिकेने उघड विरोध करून आराखड्याला पाठिंबा देणाऱ्या देशांना निर्बंधांची आणि करांची धमकी दिली, सौदी अरबस्तानाने तहकुबीची सूचना मांडली, आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी सभा एक वर्षापुरती तहकूब झाली.

समुद्रावरील जहाजाचे आयुष्य सामान्यतः पंचवीस वर्षांचे धरतात. सभा तहकूब झाली त्या वर्षी कोरियाच्या, चीनच्या किंवा जपानच्या गोदीतून जे जहाज साक्यावर चालणारे एंजिन घेऊन पाण्यात उतरले, ते २०५० साली अजून चालूच असेल.